शेवटचं नाव जाईपर्यंत दिवे लावू नका: नाशिकच्या लघुपट महोत्सवाच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
संयोजन समिती,
लघुपट महोत्सव, नाशिक

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या महोत्सवाची नियमावली वाचली आणि गप्प बसवेना. कथानक नसलेल्या कृती, व्हिडिओ आर्ट (गोष्ट सांगण्याऐवजी चित्र, आवाज आणि काळ हेच साहित्य मानून केलेल्या फिती) आणि कॅमेऱ्यासमोर केलेले परफॉर्मन्स यापुढे प्रवेशिका म्हणून घेतले जाणार नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. वेळ वाचवण्यासाठी श्रेयनामावली कापण्याचा अधिकार तुम्ही स्वतःकडे घेतला आहे. तांत्रिक पारितोषिकांच्या यादीतून शीर्षकरचना, म्हणजे पडद्यावरच्या नावांची आणि अक्षरांची रचना, काढून टाकली आहे. आणि त्याच नियमावलीच्या शेवटच्या पानावर महोत्सवाची स्वतःची शीर्षकफीत, म्हणजे महोत्सवाचं नाव दाखवणारी छोटी चित्रफीत, करून देण्यासाठी तरुण कलावंतांना आवाहन केलं आहे, मोबदला म्हणून प्रमाणपत्र.

हेच सगळं मी आधी समितीकडे लेखी दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. महोत्सवाचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि तुम्हाला बदनाम करावं अशी माझी इच्छा नाही. तुमच्यातल्या कित्येकांनी पदरमोड करून हा महोत्सव उभा केला, हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्यासारख्यांना पहिला मोठा पडदा तुम्हीच दिलात. म्हणूनच हा निर्णय जिव्हारी लागला.

मी नाशिकचीच. चित्रकलेचं शिक्षण इथेच झालं. आता पोटापाण्यासाठी सिनेमांची, मालिकांची, लघुपटांची टायटल्स करते. मोठ्या पडद्याचं वेड लागलं ते सर्कलला आणि विजयानंदला सिनेमे बघत. त्यामुळे तुमच्या नियमांतला एकही बदल माझ्यासाठी कागदावरचा नाही.

सुरुवात नामावलीपासून करते, कारण ती कापली जाताना मी सभागृहात होते. गेल्या वर्षी एका लघुपटाची टायटल्स मी केली होती. त्या गटात कोणालाच पैसे मिळालेले नव्हते. दिग्दर्शकानं उसनवारी करून कॅमेरा भाड्यानं घेतला, बाकी सगळे मैत्रीखातर आले. आवाजासाठी बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरणारा मुलगा सिन्नरचा. चार रात्री थंडीत तो दांडा डोक्यावर धरून उभा होता, हात थरथरला तरी आवाजात येईल म्हणून श्वास रोखून. त्याची आई आणि धाकटी बहीण एसटीनं महोत्सवाला आल्या होत्या, पडद्यावर त्याचं नाव बघायला. सिनेमाचं शेवटचं दृश्य संपलं, दिग्दर्शकाचं नाव आलं आणि चित्र तिथेच तोडलं. दिवे लागले, निवेदिकेनं पुढच्या सिनेमाची घोषणा सुरू केली. त्या माउलीनं मुलाला विचारलं, ‘तुझं कधी येणारे?’ त्याला काय सांगावं ते कळेना. मलाही कळलं नाही.

जिथे मेहनताना नसतो तिथे पडद्यावरचं नाव हाच मेहनताना असतो. तो तुम्ही दिलेला नाही, त्यामुळे कापून घेण्याचा हक्कही तुमचा नाही.

वेळेचं कारण तुम्ही देता. पंधरा मिनिटांच्या लघुपटाची नामावली मिनिटभराची असते, फार तर दीड. दिवसाला वीस लघुपट धरले तरी फार तर अर्ध्या तासात हिशोब बसतो. उद्घाटनाचे सत्कार आणि मनोगतं यांना याहून जास्त वेळ जातो. तो जायला माझी हरकत नाही, पाहुण्यांचा मान राखलाच पाहिजे. पण कात्री लावायची वेळ आली की ती प्रत्येक वेळी पडद्यामागच्या माणसांनाच का लागावी?

नामावली लागली की लोक उठतात, असंही तुमच्यातल्या एका सदस्यानं मला सांगितलं. उठतात, कारण दिवे लागतात. ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. १९५५ साली हॉलिवूडचा दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर याच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ची टायटल्स ग्राफिक डिझायनर सॉल बासनं केली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या येतात, सरकतात, एकमेकींना छेदतात आणि शेवटी त्यांचा एक वाकडातिकडा हात होतो. सिनेमा व्यसनात अडकलेल्या माणसाचा. त्या काळी अमेरिकेत टायटल्स चालू असताना थिएटरचा कापडी पडदा बऱ्याचदा मिटलेलाच असायचा, लोक खाण्याचे जिन्नस घेऊन जागा शोधत असायचे. म्हणून रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना चिकटवून पाठवली होती: टायटल्स सुरू होण्याआधी पडदा उघडा. एवढी एक चिठ्ठी. तेव्हापासून प्रेक्षक सिनेमा पहिल्या अक्षरापासून बघू लागला. त्याच वर्षी आपल्याकडे ‘पथेर पांचाली’ आला. त्याची नामावली सत्यजित राय यांच्या हातची आहे, खरखरीत कागदावर बंगाली अक्षरांत लिहिलेली. ते स्वतः जाहिरात कंपनीत काम करत आणि पुस्तकांची मुखपृष्ठं, अक्षरं रेखत आले होते. ती अक्षरं बघतानाच आपण सिनेमातल्या निश्चिंदीपूर गावात शिरलेले असतो. पहिलं दृश्य यायचं असतं, पण गाव सुरू झालेलं असतं.

तेव्हा शीर्षकरचनेला ‘तांत्रिक विभागात मोडत नाही’ म्हणून यादीतून काढलंत, याचं मला नवल वाटतं. या कामात तंत्र किती आहे ते सांगते. देवनागरी अक्षर पडद्यावर हलवणं ही वेगळीच विद्या आहे. रोमन टायटल्समध्ये नेहमी दिसणारी एक करामत घ्या: अक्षरं हळूहळू एकमेकांपासून लांब सरकतात आणि नाव श्वास घेतल्यासारखं पसरतं. मराठी नावावर ती जशीच्या तशी लावली की शिरोरेषा तुटते. तुटलेल्या शिरोरेषेचं नाव दात पडल्यासारखं दिसतं. मग रेषा वेगळी काढावी लागते, अक्षरं तिच्याखाली वेगळी सरकवावी लागतात, आणि रेषा किती ताणली तर डोळ्याला खुपणार नाही हे फ्रेम थांबवून थांबवून ठरवावं लागतं. रफार आणि अनुस्वार वरच्या नावाला भिडतात, उकार खालच्या नावात घुसतात. म्हणून दोन ओळींमधलं अंतर रोमनच्या मापानं चालत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत तर पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडायची, जोडाक्षरं फुटायची. ‘श्री’चे तुकडे झालेले मी पाहिलेत. तेव्हा आम्ही प्रत्येक नाव दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षररूपात जुळवून, त्याची रेखाकृती करून, चित्र म्हणून आणून बसवत असू. सत्तर नावं असतील तर सत्तर चित्रं.

आणि हे फक्त अक्षर नीट दिसण्यापुरतं झालं. नाव किती वेळ थांबवायचं, संगीताच्या कुठल्या ठोक्यावर जाऊ द्यायचं, पाठीमागचं चित्र किती मंद करायचं, हा सगळा निर्णय सिनेमाचा सूर लावण्याचा असतो. मराठी माणसाला हे परकं नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी अशी लिहिली की नाटक विनोदी की गंभीर हे तिकीट काढण्याआधी अक्षरांवरून कळायचं. र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल फॉन्ट आजही असंख्य संगणकांवर देवनागरी दाखवतो आहे. अशी परंपरा असलेल्या भाषेतल्या महोत्सवात संकलनाला पारितोषिक आहे, ध्वनीला आहे, वेशभूषेला आहे, आणि अक्षराला नाही.

आता व्हिडिओ आर्टकडे येते. माझं दुखणं इथेच सगळ्यात खोल आहे.

‘कथानक नसलेल्या कृती’ या तुमच्या शब्दांवर मी बराच विचार केला. महोत्सवाच्या फलकावर तुम्ही दादासाहेब फाळक्यांचं छायाचित्र लावता. आपण सगळेच लावतो, त्र्यंबकेश्वरला जन्मलेला आणि नाशकातच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी अखेरचा श्वास घेतलेला हा माणूस आपला आहे, याचा अभिमान कोणाला नाही? पण दादासाहेबांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय केलं ते आठवा. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतरानं एकेक चौकट घेत रोपाची वाढ टिपली. पडद्यावर कोंब फुटून वेल वर चढताना दिसला. त्यात नट नाही, नटी नाही, गोष्ट नाही. एक वाटाणा आणि काळ. हीच फीत पाहून त्यांना सिनेमासाठी भांडवल मिळालं. तुमच्या यंदाच्या नियमानुसार ही प्रवेशिका पहिल्याच चाळणीत बाद झाली असती.

पुढची गोष्ट तर नाशकातलीच आहे. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा १९१९चा ‘कालिया मर्दन’. कृष्णाची भूमिका दादासाहेबांच्या मुलीची, मंदाकिनीची. वय सात वर्षं. सिनेमा सुरू होतो तो कथेनं नाही. आधी ही मुलगी कॅमेऱ्यासमोर येते आणि एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. प्रेक्षकाला सांगितलं जातं, हिचा चेहरा बघा, हिची ताकद बघा. मग कथा. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपलेली ही दृश्यं पाहिली की मला दरवेळी भरून येतं. कॅमेऱ्यासमोर थेट उभं राहून, कथेचा आधार न घेता, स्वतःचं शरीर हेच साहित्य मानून केलेलं ते काम आहे, आणि ते सिनेमाच्या प्रारंभी, शीर्षकाच्या जागी बसवलं आहे. तुम्ही यंदा ज्या दोन गोष्टी दाराबाहेर काढल्यात त्या दोन्ही इथे एकत्र आहेत. आपल्या गावात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

हे पाश्चात्त्य खूळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. फाळके ज्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले तिथेच शिकलेल्या कलावंत नलिनी मालानी यांनी १९६९ साली, चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत सुरू केलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये, चित्रफितीचे प्रयोग केले. १९९८ साली त्यांनी ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ हे फाळणी आणि अणुचाचण्या यांचा धागा जोडणारं व्हिडिओ मांडणीशिल्प केलं. २०२३ साली त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. बाहेरच्या कामांतूनही घेण्यासारखं पुष्कळ आहे. अमेरिकी कलावंत मार्था रॉसलर १९७५ साली स्वयंपाकघरात उभी राहिली आणि इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं एकेक भांडं, एकेक हत्यार हातात घेऊन दाखवत गेली. पहिल्या काही वस्तू साध्या, मग हाताचे हिसके वाढत जातात, आणि सहाएक मिनिटांत त्या ओट्यामागे साचलेला राग तुमच्यापर्यंत पोचतो. एक बाई, एक कॅमेरा, एक ओटा. नाशकातली कुठलीही मुलगी तिच्या मोबाइलवर हे करू शकते. महागडा कॅमेरा, क्रेन, परवानग्या यातलं काहीच हाताशी नसलेल्या माणसाला खुलं असलेलं हे दार आहे.

आणि नाशकातल्या एका मुलीनं ते केलं होतं. माझी मैत्रीण दिंडोरीकडची. तिची आई आयुष्यभर द्राक्षबागांत मजुरीनं जाते. घडातले दाटलेले मणी कात्रीनं विरळ करायचे, मान वर आणि हात वर, दिवसभर. मैत्रिणीनं खरड छाटणीनंतरच्या उघड्या मांडवाखाली कॅमेरा लावला आणि हातात तीच कात्री घेऊन नसलेल्या घडांची विरळणी केली. एकही कट नाही. समोर फक्त मांडवाच्या तारा आणि आकाश. कात्रीचा आवाज एका लयीत चालतो, मग लय मंदावते, हात खाली येऊ लागतो, ती तो पुन्हा वर उचलते. वीस मिनिटांनी तुमचीही मान दुखायला लागते. द्राक्षांवर इतकं लिहिलं-बोललं जातं या जिल्ह्यात, निर्यातीचे आकडे, वाइन, महोत्सव. त्या मजूर बाईच्या खांद्याविषयी इतकं नेमकं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी तुम्ही ही कृती निवडली होती, त्याबद्दल आभारच मानले होते आम्ही. पण ती दाखवली कुठे? चहाच्या टेबलाशेजारच्या टीव्हीवर, आवाज बंद करून, सभागृहात व्यत्यय नको म्हणून. चित्र जुन्या मापाचं, चौकोनी होतं. ते ताणून पडदाभर केलं, त्यामुळे हात आडवे फोफावलेले दिसत होते. खालून प्रायोजकाच्या जाहिरातीची पट्टी धावत होती. दर दहा मिनिटांनी कोणीतरी ती फीत थांबवून कार्यक्रमपत्रिका लावत होतं. आणि यंदा तुमचं म्हणणं असं, की प्रेक्षकांनी व्हिडिओ आर्टला प्रतिसाद दिला नाही. ज्या कृतीचा निम्मा जीव तिच्या आवाजात आहे ती मुकी करून, मोडतोड करून, वडापावच्या रांगेसमोर ठेवल्यावर प्रतिसाद कोण देणार? तुम्ही व्हिडिओ आर्ट दाखवून पाहिलंच नाही.

ती नीट दाखवायला फार खर्च येत नाही. एक छोटी खोली, खिडक्यांना काळं कापड. एक प्रोजेक्टर किंवा एक बरा टीव्ही, ज्यातली चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग बंद केलेली आहेत. दोन स्पीकर, नाहीतर हेडफोनच्या दोन-तीन जोड्या. बसायला बाकडं. दाराशी एक कागद: कृतीचं नाव, कलावंताचं नाव, वर्ष, किती मिनिटांची आणि किती वाजता पुन्हा सुरू होते. आत एक स्वयंसेवक, ज्यानं त्या कृती आधी स्वतः पाहिलेल्या आहेत आणि कोणी विचारलं तर दोन वाक्यं सांगू शकतो. एवढंच. खोलीसाठी काळं कापड शिवून द्यायला आणि स्वयंसेवक म्हणून उभं राहायला मी तयार आहे, माझ्यासारखे आणखी आहेत.

शीर्षकफितीच्या स्पर्धेबद्दल थोडक्यात. मंडपवाल्याला तुम्ही पैसे देता, ध्वनिक्षेपकवाल्याला देता, फ्लेक्स छापणाऱ्याला आगाऊ देता. देता ते योग्यच. मग महोत्सवाचा चेहरा ठरणारी चित्रफीत करणाऱ्याला प्रमाणपत्र कशासाठी? त्यातही नियम असा, की आलेल्या सगळ्या फितींचे हक्क आयोजकांकडे, न निवडलेल्यांचेसुद्धा. विद्यार्थी हौसेनं रात्री जागून या फिती करतील, कारण त्यांना संधी हवी आहे. त्यांच्या हौसेचा असा उपयोग करून घेऊ नका.

२०२७चा सिंहस्थ या शहरात भरतो आहे. घाटांवर, चौकांत, रस्त्यांवर पडदेच पडदे लागतील, भिंतींवर प्रकाशचित्रं पडतील, आणि त्यांवर देवनागरी अक्षरं हलतील. हे काम कोणीतरी करणार. ते नाशिकच्या मुलामुलींना करता यायला हवं असेल, तर ती विद्या शिकायला, दाखवायला, चुकायला त्यांना जागा हवी. आजघडीला गावात अशी जागा जवळजवळ तुमचा महोत्सव हीच आहे. म्हणून तुमच्या एका ओळीचं वजन तुम्हाला वाटतं त्याहून बरंच जास्त आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

महोत्सवात दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक लघुपटाची सुरुवातीची आणि शेवटची नामावली पूर्ण दाखवा आणि ती संपेपर्यंत सभागृहातले दिवे लावू नका. नामावली कापण्याचा अधिकार देणारं कलम काढून टाका. नामावली किती लांब असावी यावर मर्यादा घालायची असेल तर ती प्रवेशिका मागवतानाच जाहीर करा, आम्ही तेवढ्यात बसवू.

शीर्षकरचनेचं पारितोषिक पुन्हा सुरू करा, आणि परीक्षकांत देवनागरी अक्षरांचं काम जाणणारी एक व्यक्ती घ्या.

कथानकाची अट मागे घ्या. व्हिडिओ आर्ट आणि व्हिडिओवरचे परफॉर्मन्स यांच्यासाठी वेगळा विभाग करा, त्यांना अंधारी खोली आणि आवाज द्या, चित्राचं मूळ माप बदलू नका, त्यावर जाहिरात चालवू नका. परफॉर्मन्समध्ये अंगावरच्या कपड्यांवरून, शरीरावरून किंवा विषयावरून हरकत असेल तर कलावंताला आधी लेखी कळवा आणि बोलायची संधी द्या. ऐन वेळी फीत काढू नका.

शीर्षकफितीसाठी मानधन ठरवा आणि जाहीर करा. रक्कम लहान असली तरी चालेल. न निवडलेल्या फितींचे हक्क ज्याचे त्याच्याकडे राहू द्या.

सिन्नरच्या त्या मुलाच्या घरी महोत्सवाच्या वतीनं एक पत्र पाठवा, अशी माझी विनंती आहे. ही मागणी नाही.

प्रवेशिका स्वीकारण्याची मुदत अजून संपलेली नाही, त्यामुळे नियम बदलायला वेळ आहे. मैत्रिणीची विरळणीची फीत आणि मी टायटल्स केलेला नवा लघुपट, दोन्ही आम्ही याच आठवड्यात तुमच्या कार्यालयात आणून देणार आहोत. फीत नियमात बसत नाही म्हणून परत करायची असेल तर कारण लेखी द्या. बैठकीला बोलावलंत तर मी येईन, आणि खोली कशी लावायची त्याचा आराखडा बरोबर आणीन.

आपली,
नाशिकमधली एक शीर्षकरचनाकार
पंचवटी, नाशिक